जाळणाऱ्याच्या घरात पंच्याऐंशी मिनिटं

'इफ अ ट्री फॉल्स' सुरू होऊन थोडा वेळ जातो न जातो तोच आरोपी आवडायला लागतो, आणि तिथंच प्रेक्षकाची पंचाईत होते. डॅनियल मॅकगोवन न्यूयॉर्कमध्ये बहिणीच्या घरी नजरकैदेत आहे. घोट्यावर इलेक्ट्रॉनिक पट्टा आहे आणि घराबाहेर कधी, किती वेळ पडायचं हे कोर्ट ठरवतं. ओरेगन राज्यात २००१ साली लागलेल्या दोन आगींमध्ये त्याचा हात असल्याचा आरोप आहे. सगळं सिद्ध झालं तर जन्मठेप आणि वर ३३५ वर्षं. एवढी शिक्षा डोक्यावर असलेल्या माणसाचं एक चित्र मनात घेऊन आपण बसलेलो असतो: तापलेले डोळे, घोषणांची भाषा, मूठ. पडद्यावर मात्र मऊ आवाजात बोलणारा, मधेच ओशाळून हसणारा एक गोल चेहऱ्याचा तरुण येतो. सहकारी बँकेच्या काउंटरमागे बसून पासबुक भरून देणाऱ्या माणसासारखा.

मार्शल करी आणि त्यांचे सहदिग्दर्शक सॅम कलमन यांनी हा माहितीपट २०११ साली पूर्ण केला. सनडान्स महोत्सवात त्याला संकलनाचं पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करचं नामांकनही. पारितोषिक संकलनाला मिळालं हे मला फार योग्य वाटतं. या चित्रपटाचं सगळं मर्म कोणानंतर कोण बोलतं यात आहे. त्याचा जन्म मात्र योगायोगानं झाला. छळ सोसणाऱ्या स्त्रियांना कायद्याची माहिती पुरवणाऱ्या एका संस्थेत करींची पत्नी काम करत होती. ७ डिसेंबर २००५ रोजी सरकारी अधिकारी त्या कार्यालयात शिरले आणि तिच्या हाताखालच्या एका शांत सहकाऱ्याला घेऊन गेले. तो मॅकगोवन. 'असा माणूस आणि आग?' हा जो प्रश्न त्या घरात पडला असेल, त्याच्याच मागे हा चित्रपट शेवटपर्यंत चालत राहतो.

मॅकगोवन ज्यांच्यात सामील झाला होता ती 'अर्थ लिबरेशन फ्रंट' म्हणजे धड संघटनाही नव्हे. सदस्यत्व नाही, कार्यालय नाही, अध्यक्ष नाही. चारदोन ओळखीच्यांनी एकत्र यायचं, रात्री एखादी लाकूड कंपनी, कत्तलखाना किंवा डोंगरावरचं पर्यटन केंद्र पेटवायचं आणि नंतर एक पत्रक सोडायचं. कोलोरॅडोतल्या व्हेल इथल्या स्की रिसॉर्टला १९९८ साली लावलेल्या आगीत एक कोटी वीस लाख डॉलरचं नुकसान झालं. या आगींमध्ये एकही माणूस मेला नाही. तरीही एफबीआयनं देशांतर्गत दहशतवादाच्या यादीत या मंडळींना सर्वांत वर ठेवलं.

नाशिकमध्ये हा चित्रपट आम्ही दहाबारा जणांनी गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या हॉलमध्ये पाहिला. तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं काढायच्या महापालिकेच्या प्रस्तावावरून २०२५ च्या नोव्हेंबरात शहर ढवळून निघालं, त्यानंतरचे ते दिवस. अठराशेच्या आसपासचा आकडा तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होता. अभिनेते सयाजी शिंदे येऊन गेले होते. हरकती, सुनावण्या, पत्रकार परिषदा चालू होत्या. म्हणजे आमचा प्रेक्षक कोरा नव्हता. त्यात वनखात्यातून निवृत्त झालेले एक रेंजर होते, लाकडाच्या वखारीचे एक मालक होते, इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या आणि तपोवनात फलक घेऊन उभी राहिलेली एक विद्यार्थिनी. चित्रपट संपल्यावरचं बोलणं चित्रपटापेक्षा लांबलं. त्यातलं जे चित्रपटाच्या घडणीवर प्रकाश टाकतं तेवढंच इथं घेतो.

पहिला मुद्दा मला स्वतःला दुसऱ्यांदा पाहताना दिसला. हा मुळात एका प्रेक्षकाचा चित्रपट आहे. मॅकगोवन काही जंगलात वाढलेला नाही. क्वीन्समधला, पोलिसाचा मुलगा, वाणिज्य शिकलेला. न्यूयॉर्कमध्ये 'वेटलँड्स' नावाचं एक संगीताचं ठिकाण होतं आणि त्यालाच जोडून पर्यावरणाचं काम करणारं एक केंद्र. तिथं तो गेला, जंगलतोडीवरच्या आणि प्राण्यांच्या हालांवरच्या फिती पाहिल्या आणि आतून हलला. पाहिलेलं मनातून जाईना. पुढचं सगळं, म्हणजे ओरेगनमधल्या युजीन गावी जाणं, रात्रीच्या मोहिमा, खटला, तुरुंग, हे त्या पाहण्यातून निघालं.

माहितीपट पाहून माणूस पेटतो हे एक माहितीपट सांगतो आहे, आणि तेही पडद्यासमोर बसलेल्या आपल्याला. करी या गोष्टीवर बोट ठेवत नाहीत. ठेवलं असतं तर चमत्कृती झाली असती. मॅकगोवन ते सहज सांगून जातो आणि चित्रपट पुढे सरकतो. पण एकदा लक्षात आल्यावर आपलं पाहणं बदलतं. पुढे ज्या ज्या वेळी अंगावर येणारं दृश्य येतं, त्या त्या वेळी मनात येतं की वेटलँड्समध्ये त्यानं पाहिलं ते असंच काहीतरी असणार.

नाशिककराला इथं दादासाहेब फाळके आठवले नाहीत तरच नवल. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळकेही एका पाहण्यातून घडले. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांना त्या पडद्यावर राम आणि कृष्ण दिसायला लागले, आणि मग घर, प्रकृती, विमा सगळं पणाला लागलं. एक गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक छोटी फीत केली होती. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि तो उगवून वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करायचं. 'अंकुराची वाढ'. आपल्याकडच्या चित्रपटाचं खातं असं एका रोपट्याच्या नावानं उघडलेलं आहे. ती फीत पाहून पैसे मिळाले. पाहणाऱ्याचं काय होईल हे कोणी आधी सांगू शकत नाही: एक जण धंद्याला पैसे देतो, एक जण कारखाना काढतो, एक जण काडेपेटी खिशात घालतो.

दुसरी जागा युजीनमधल्या झाडांची. १ जून १९९७, रविवार. गावाच्या मध्यभागी वाहनतळासाठी जुनी झाडं काढायची आहेत. विरोध करणारे लोक आदल्या रात्रीच झाडांवर चढून बसले आहेत. नगरपरिषदेपुढे हा विषय निघायच्या आतच पालिकेनं तोड सुरू केली. मग पोलीस यंत्राच्या पाळण्यातून वर जातात, फांदीला बिलगलेल्या माणसाच्या अंगावर, चेहऱ्यावर मिरचीचा फवारा मारतात. हे चित्रण त्यावेळी तिथं असलेल्यांनीच केलेलं, हलतं, धूसर. पोलीस रागावलेलेही दिसत नाहीत. कुंपणाला रंग द्यावा तसं काम चालू आहे. खाली लोक ओरडत आहेत.

आमच्या हॉलमध्ये इथं पहिल्यांदा आवाज झाला. विद्यार्थिनी म्हणाली, "हे तर आरे." आणि खरंच, मुंबईच्या आरेतली ४ ऑक्टोबर २०१९ ची ती रात्र कोणाला आठवणार नाही? उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि सर्वोच्च न्यायालयात जायला कोणाला उसंत मिळायच्या आत मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. दोन दिवसांत दोन हजारांहून जास्त झाडं गेली, एकोणतीस जणांना अटक झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवायला सांगितलं तेव्हा थांबवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. रविवारची पहाट काय, शुक्रवारची रात्र काय, सुट्टीचा दिवस आणि अंधार यांच्याशी करवतीचं नातं सगळीकडे सारखं दिसतं. माणसाचा संताप नुसत्या झाडासाठी नसतो. आपल्याला विचारतो म्हणाले आणि विचारायच्या आधीच उरकलं, या फसवणुकीचा तो जास्त असतो. ज्यानं एकदा तरी पालिकेच्या कागदावर हरकत नोंदवून पोच घेतली आहे त्याला युजीनचं ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

पण रेंजर साहेबांनी अशी गोष्ट टिपली जी आमच्यापैकी कोणाला दिसली नव्हती. ते म्हणाले, "आता पुढची आग गोड लागणार बघा." आणि तसंच झालं. झाडांच्या नंतर येतो तो रेडमंडचा घोड्यांचा कत्तलखाना. त्याचा उपद्रव गावाला वर्षानुवर्षं होता, तक्रारी होत होत्या, काही हलत नव्हतं. त्याच वर्षीच्या जुलैत तो एका रात्रीत जळाला आणि पुन्हा उभा राहिला नाही. हॉलमध्ये कोणीतरी चक्क 'वा' म्हणालं. माझ्याही तोंडावर हसू होतं.

आता यात दिग्दर्शकानं काही लबाडी केली का? घटना त्याच क्रमानं घडल्या होत्या, जून नंतर जुलै. तारखेच्या क्रमानं सांगणं याहून प्रामाणिक काय असतं? तरी प्रत्येक प्रसंगाला किती वेळ द्यायचा हे कॅलेंडर ठरवत नाही, संकलक ठरवतो. आधी आपल्याला फवारा पुरेसा झोंबू दिला, मग आग दाखवली. आपल्या रसचर्चेत साधारणीकरण म्हणतात ते इथं पुरतं घडून येतं. त्या तरुणांचा राग त्यांचा राहत नाही, पाहणाऱ्याचा होतो. एखादा प्रचारपट इथं थांबला असता, किंवा याच सुरात शेवटपर्यंत गेला असता. करींची खरी करामत पुढे आहे. हे एवढ्या मेहनतीनं घडवलेलं तादात्म्य ते स्वतःच मोडायला घेतात.

मोडण्याचं काम स्टीव्ह स्वॅन्सन नावाच्या माणसाकडे दिलं आहे. ओरेगनमधल्या ग्लेनडेलची सुपिरियर लंबर ही त्याच्या घरच्यांची लाकूड कंपनी. जानेवारी २००१ मध्ये तिचं कार्यालय जाळलं गेलं. मॅकगोवन त्या रात्री पहाऱ्यावर होता. आतापर्यंत 'लाकूड कंपनी' म्हणजे आपल्या मनात एक बिनचेहऱ्याची यंत्रणा असते. ती यंत्रणा खुर्चीत येऊन बसते आणि वडिलांचं, कामगारांचं, त्या सकाळचं बोलायला लागते. तो संतापत नाही, रडत नाही. आपल्याला कोणी शत्रू का मानावं हे त्याला कळत नाही, आणि आता आपण रात्री कुठल्याही आवाजानं दचकतो, हे तो सांगतो. कॅमेरा त्याला मॅकगोवनइतकीच जागा देतो.

वखारवाले काका तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. आता ते खुर्चीत पुढे सरकले. नंतर म्हणाले, "पहिल्यांदा कोणीतरी सकाळचं दाखवलं. आग लावणारे रात्रीचंच सांगत होते." हे वाक्य मला या चित्रपटावरच्या कुठल्याही परीक्षणापेक्षा नेमकं वाटतं. मॅकगोवनच्या आठवणीत पेटवण्याची रात्र आहे: काळे कपडे, धडधड, गाडीत बसून निघून जाणं. स्वॅन्सनच्या आठवणीत राखेतून चालायची सकाळ आहे. एकाच घटनेची ही दोन टोकं. पेटवणाऱ्यानं सकाळ पाहिलेली नव्हती आणि त्याला ती पाहायला लावण्याचं काम खटल्यानं केलं नाही इतकं या चित्रपटानं केलं.

काकांचं पुढचं बोलणं मात्र सगळ्यांना पटलं नाही. "तुमच्या घरातलं प्रत्येक दार माझ्यासारख्याकडूनच आलंय," ते म्हणाले. यावर रेंजर साहेबांचं उत्तर होतं, "दार कुठल्या जंगलातलं आहे हा प्रश्न आहे, दाराचा नाही." अमेरिकेतल्या मूळ जंगलातलं जेमतेम पाच टक्के उरलं आहे असं चित्रपटातला एक कार्यकर्ता सांगतो. स्वॅन्सन सज्जन आहे म्हणून तो आकडा खोटा ठरत नाही. या ओढाताणीत चित्रपट आपल्याला सोडून देतो.

मग येतो पॉप्लरचा मळा, आणि माझ्या मते हा या चित्रपटाचा कणा आहे. २१ मे २००१ रोजी ओरेगनमधल्या क्लॅट्सकनी इथं पॉप्लर वृक्षांची लागवड करणाऱ्या एका कंपनीच्या इमारती आणि गाड्या जाळण्यात आल्या. त्याच रात्री दुसऱ्या गटानं सिअॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचं उद्यानविद्या केंद्र पेटवलं. कारण काय, तर इथं झाडांच्या जनुकांत फेरफार करतात. मळ्यातली झाडं जनुकं बदललेली नव्हतीच. ती साधी संकरित झाडं होती, आपल्याकडे द्राक्षांचे, ज्वारीचे संकर करतात तशी. तिकडे विद्यापीठाच्या आगीत जी रोपं होरपळली त्यांत जगवण्यासाठी जपलेली दुर्मिळ वनस्पतींची रोपंही होती.

ही माहिती चित्रपटात कुठे येते हे पाहण्यासारखं आहे. ती सुरुवातीला आली असती तर आपण मॅकगोवनला मूर्ख ठरवून मोकळे झालो असतो. ती येते तेव्हा आपण त्याच्या घरात बराच वेळ घालवलेला असतो, त्याच्या बहिणीचा कंठ दाटलेला पाहिलेला असतो. त्यामुळे आपल्याला हसता येत नाही, रागावताही येत नाही. घरातल्या माणसाचं चुकल्यावर होतं तसं काहीतरी होतं. इतिहासाच्या बाई एवढंच म्हणाल्या, "अरे, चौकशी तरी करायची." मला वाटतं, हीच त्या प्रसंगाची अचूक दाद होती. ज्यांनी पालिकेवर, सरकारवर, कंपन्यांवर 'लोकांना न विचारता करता' असा आरोप ठेवला, त्यांनी स्वतः कोणाला काही विचारलं नव्हतं. गुप्त कामाचा हा अंगभूत दोष आहे: तिथं हरकत घ्यायला दुसरा माणूसच नसतो. जंगल वाचवायला निघालेल्या हातांनी शेवटी झाडांचा मळा आणि रोपवाटिका जाळावी, यावर दिग्दर्शकानं एकही टिप्पणी केलेली नाही. त्यानंतर गटात मतभेद झाले, आता माणसांनाच लक्ष्य करावं का अशी कुजबुज सुरू झाली, आणि तिथं मॅकगोवन आणि इतर काही जण मागे फिरले.

चित्रपट संपल्यावर वाद अपेक्षेप्रमाणं एकाच शब्दावर आला. याला दहशतवादी म्हणायचं का? न्यायमूर्ती अॅन एकेन यांनी २००७ साली त्याला सात वर्षांची शिक्षा सुनावताना दहशतवादाचं वाढीव कलम लावलं होतं. इतर ठिकाणच्या प्रेक्षकांचं माहीत नाही, पण नाशिकमध्ये या प्रश्नाला एक खास अडचण आहे आणि ती बाईंनी बाहेर काढली. २१ डिसेंबर १९०९ रोजी याच शहरात, विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अठराव्या वर्षात असलेल्या अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी होता, लोक त्याला पंडित म्हणत, आणि तो निरोपाचा कार्यक्रम होता. पुढच्या एप्रिलमध्ये कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. आमच्यापैकी प्रत्येकानं हा धडा शाळेत अभिमानानं वाचला होता. तिथं माणूस मेला होता. इथं कोणीच मेलं नाही. तरी तिथं आपले हात जोडले जातात आणि इथं आपण शब्द तोलत बसतो. परकी सत्ता आणि स्वतःचं निवडलेलं सरकार हा फरक खरा आहे, तो रेंजर साहेबांनी ठासून सांगितला. पण तेवढ्यानं बाईंचं समाधान झालं नाही.

त्यांनी मुळशी काढलं. इथं तर परक्या सत्तेबरोबर देशी कंपनीही होती. टाटांचं धरण, मुंबईच्या गिरण्यांना लागणारी वीज आणि त्यासाठी बुडणारी मावळातली भातखाचरं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. शांततेनं काही होत नाही असं दिसल्यावर १९२४ साली बापटांनी साथीदारांसह हत्यारं घेऊन धरणाच्या कामाची आगगाडी अडवली, त्यासाठी शिक्षा झाली आणि ते सुटले १९३१ साली. मॅकगोवनला जितकी वर्षं सुनावली गेली, जवळपास तितकीच. मुळशीचा लढा आजच्या अर्थानं पर्यावरणाचा नव्हता, तो जमिनीचा आणि पोटाचा होता, हे मान्य. पण धरण झालंच, आणि आज त्या माणसाच्या नावाच्या रस्त्यांवरून पुण्यामुंबईची वाहतूक चालते. रस्त्याला नाव देताना आगगाडी अडवल्याचं कोणी आड आणलं नाही.

विद्यार्थिनीनं विचारलं, "मग आज आपल्याकडे असं कोणी का नाही?" प्रश्न साधा होता, उत्तर तसं नाही. नाशिकच्या उत्तरेला, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेच्या काठावर धरणाला विरोध करत माणसं पाणी छातीपर्यंत चढेस्तोवर उभी राहिली, पण काडी ओढली नाही. गोळी पोलिसांकडूनच आली: १९९३ साली रेहमल पुन्या वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा त्या गोळीबारात गेला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या 'अ नर्मदा डायरी'त (१९९५) तो काळ आहे. त्या चित्रपटाचा कॅमेरा उघडपणे आंदोलनाच्या बाजूला उभा आहे आणि ते लपवत नाही. त्यामुळे तो पाहताना प्रेक्षकाला कुठे उभं राहायचं हा प्रश्न पडत नाही, किती वेळ उभं राहायची ताकद आहे हा पडतो. त्याच आंदोलनाच्या मेधा पाटकर पुढे दोषी ठरल्या त्या २०२४ साली, दिल्लीच्या कोर्टात, २००० सालच्या एका प्रसिद्धिपत्रकावरून, अब्रुनुकसानीच्या खटल्यात. सर्वोच्च न्यायालयानंही २०२५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. आपल्या पर्यावरणवाद्याला दोषी ठरवायला आग लागत नाही, कागद पुरतो, असं कोणीतरी म्हणालं. मला ते थोडं टाळ्यांचं वाक्य वाटलं, पण खोडून काढता आलं नाही.

दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर करींच्या पद्धतीची किंमतही कळते. सगळ्यांना बोलू देण्याच्या त्यांच्या सभ्यपणामुळे काही माणसं पातळ राहिली आहेत. जेक फर्ग्युसन हा त्यांपैकी एक. तो स्वतः कितीतरी आगींमध्ये होता. पुढे तोच अंगाला ध्वनिमुद्रक बांधून देशभर जुन्या सोबत्यांना भेटत फिरला, आणि त्या गप्पांवर बरेच जण पकडले गेले. मित्राला वर्षांनंतर भेटल्याचा आनंद आणि त्याच्या शर्टाखालची तार, यात एक आख्खं नाटक होतं. चित्रपट ते पोलीसकथेच्या वेगानं उरकतो. दुसरा बिल रॉजर्स. गटातला हा वयानं मोठा, मंडळींना जोडणारा माणूस अटकेनंतर पंधरवड्यातच, डिसेंबर २००५ मध्ये, अॅरिझोनाच्या तुरुंगात स्वतःला संपवून गेला. त्याच्याबद्दल फार थोडं कळतं. आणि सर्वांत पातळ राहिलं आहे ते जंगल. पंच्याऐंशी मिनिटांत ज्याच्यासाठी हे सगळं झालं ते झाड आपल्याला बहुतेक वेळा पडताना किंवा पडलेलंच दिसतं. उभ्या जंगलात कॅमेरा निवांत थांबला असता तर मॅकगोवनला काय गमावल्यासारखं वाटलं ते शहरातल्या प्रेक्षकाला अधिक पोचलं असतं. रेंजर साहेबांची हीच तक्रार होती: "तीस वर्षं जंगलात काढली. यांनी मला एकदाही आत नेलं नाही."

उलट तपास करणारे पोलीस आणि सरकारी वकील मात्र अनपेक्षित उतरले आहेत. त्यांच्या बोलण्यात द्वेष नाही. हा मुलगा इथवर कसा पोचला हे शोधताना त्यांनाही काहीतरी समजत गेलं आहे आणि ते कॅमेऱ्यापुढे मान्य करतात. सोबत्यांची नावं न सांगता गुन्हा कबूल करण्याचा करार, नजरकैदेतच झालेलं लग्न, शेवटी तुरुंगाकडे निघणं, हा सगळा भाग चित्रपट चांगला पण ओळखीच्या वाटेनं नेतो. डोळे ओले होतात, विचार थोडा थांबतो.

चित्रपटाच्या बाहेरची एक गोष्ट मी आमच्या मंडळींना शेवटी सांगितली. मॅकगोवन डिसेंबर २०१२ मध्ये तुरुंगातून बाहेर पडून न्यूयॉर्कच्या एका निवासात उरलेले महिने काढू लागला. एप्रिल २०१३ मध्ये त्यानं एका वृत्तसंकेतस्थळावर लेख लिहिला. तुरुंगात त्याला ज्या खास विभागात ठेवलं होतं, जिथं पत्रं आणि फोन यांवर कडक पहारा असतो, त्या विभागाबद्दल. लेख आल्यावर त्याला पुन्हा उचलून आत टाकलं. कैद्यानं स्वतःच्या नावानं लेख छापू नये असा एक नियम दाखवला गेला. तो नियम न्यायालयानं २००७ सालीच घटनाबाह्य ठरवून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी सोडलं.

हॉलमध्ये त्याच्याबद्दलची मतं यावर पुन्हा फिरली. ज्यांनी पॉप्लरच्या मळ्यानंतर त्याचा हात सोडला होता त्यांतल्या दोघांनी परत धरला. वखारवाले काका मात्र अढळ होते. लेख लिहिला ते बरोबरच केलं, ते म्हणाले, आणि बारा वर्षं आधी, पेटवण्याऐवजी, स्वॅन्सनच्या दारात जाऊन तेच बोलला असता तर स्वॅन्सननं त्याला कॉफी दिली असती. विद्यार्थिनी म्हणाली, "कॉफी दिली असती काका, झाड नसतं दिलं." रात्रीचे साडेअकरा वाजले होते तरी कोणी उठायला तयार नव्हतं, आणि रेंजर साहेबांनी यजमानांना स्वॅन्सनचा भाग पुन्हा एकदा लावायला सांगितला.